इंद्रायणीचं लुगडं

पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना उभा राहत होता, त्या सालांतली गोष्ट. माझी चुलती शालनबाई सकाळी रहाटणीत शेतावर राबायची आणि दुपारनंतर पिंपरी कॅम्पातल्या एका कापडदुकानात कामाला जायची. पुरुष गुमास्त्यापुढं लुगडं उलगडून बघायला गावच्या बायका लाजायच्या, म्हणून शेठनं तिला ठेवलेली. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून ती काठ दाखवायची. दिवस मावळेपर्यंत उभी. पण अर्ध्या दिवसाचं माणूस म्हणून पगार निम्म्याहून कमी, सुट्टी नाही, हजेरीपटात नाव नाही. "बाई, तुम्ही घरच्याच की," शेठ म्हणायचा. घरच्या बाईला फुकट राबवायची रीत जुनीच. शेठनं फक्त ती रीत दुकानात आणली.

पुण्याहून दुकानांचा तपासनीस यायचा. तो दिसला की शेठ डोळ्यानं खुणवायचा, आणि चुलती पिशवी काखेत घेऊन गादीपुढं गिऱ्हाइकासारखी बसायची. पहिल्यांदा साहेबांनी सहज विचारलं, "काय बाई, काय खरेदी?" ती गडबडली. तोंडातून निघून गेलं, "लेकीला बघतीया लुगडं. आमच्या इंद्रायणीला."

इंद्रायणी तिची एकुलती पोर. देवीच्या साथीत पाळण्यातच गेली होती.

पुढं दर खेपेला साहेब पोरीची चौकशी करायचे आणि चुलती सांगत गेली. मागणी आली. सुपारी फुटली. लग्न झालं. खोटं एकदा बोललं की निभवावं लागतं; हे खोटं तर आमच्या घरात राहायलाच आलं. तिन्हीसांजेला दिवा लावला की चुलती दाराकडं बघत थांबायची. मला भीती वाटायची, आणि चीडही यायची.

मग एकदा दुकानातल्या माळ्यावरचा कापडाचा गठ्ठा काढताना ती पडली आणि तिचा हात मोडला. शेठ साफ उलटला. म्हणाला, ही बाई आमच्याकडं कामाला नव्हतीच.

मीच तिला हट्टानं तपासनिसांकडं नेलं. ते चावडीवर उतरले होते. माणूस भला. माझ्या तोंडून सगळं ऐकून म्हणाले, "शेठला पुन्हा कामावर घ्यायला लावतो. दवाखान्याचा खर्चही मागू. पण तो म्हणणार, ही गिऱ्हाईक होती, आणि मीही तुम्हाला तसंच पाहिलंय. तेव्हा आधी एवढं सांगा, की लग्न, लुगडं सगळं खोटं. तुम्हाला लेक नाही."

हक्काची भाकरी समोर होती. एका वाक्याचं काम. मी तिला कोपरानं ढोसलं.

"सांग की गं काकी, इंद्रायणी न्हाई म्हणून."

मी पोरीच्या गळ्याला हात घातल्यागत तिनं माझ्याकडं पाहिलं. मोडका हात पदराखाली घेऊन ती उठली.

"पोर हाय साहेब," ती म्हणाली. "सासरी नांदतीया."