टॅबची रांग

"ताई, हे मी नाय भरलेलं."

संगीताने मोबाइल माझ्यासमोर धरला. स्टँडपासून आमच्या ऑफिसपर्यंत ती जवळजवळ पळतच आली होती. मी जव्हारला एका संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. अर्ज भरणं, अर्ज का अडला ते शोधणं आणि अडवणाऱ्यावर पत्रक काढणं हे माझं रोजचं काम.

संगीता पोशेऱ्याची. बारावी सायन्स झालेली, नर्सिंगला जायचं म्हणणारी. सकाळी स्टँडजवळच्या सेवा केंद्रात तिने कॉलेजांचे पसंतीक्रम भरले. पसंतीक्रम म्हणजे कोणतं कॉलेज आधी हवं, कोणतं नंतर. तो क्रम बघून कॉम्प्युटर सीट देतो, आणि पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की बाकीची नावं आपोआप रद्द. संगीताने पहिलं सरकारी कॉलेज टाकलं होतं. तशी पावतीही तिच्याकडे होती. मग जीपची वाट बघताना मेसेज आला, तुमचे पसंतीक्रम बदलले आहेत. तिने साइट उघडली तर पहिल्या नंबरला नाशिककडचं एक खासगी कॉलेज. सरकारी कॉलेजाचं नावच नाही.

"खासगीला मना कोण धाडील?" ती म्हणाली. "तां लागलां तर मी घरीच बसीन."

पसंतीक्रम त्याच संध्याकाळी लॉक होणार होते. लॉक झाले की देवसुद्धा बदलू शकत नाही.

आमच्या भागात कागद आपोआप बदलत नाहीत. कोणीतरी बदलतो. सातबारा बदलतो, रेशनकार्डावरचं नाव बदलतं, रस्ता झाला नसताना झाल्याचा बोर्ड लागतो. तेव्हा माझा संशय कुठे गेला ते सांगायला नको. त्या सेवा केंद्रात प्रिंटरशेजारच्या खुर्चीवर एक 'सर' बसलेले असतात. कुठल्या कॉलेजात शिकवतात म्हणून सर, ते कोणालाच माहीत नाही. बारावीच्या निकालानंतर ते पाड्यापाड्यावर फिरतात आणि मुलींना खासगी कॉलेजांत नेऊन घालतात. संगीताच्या अर्जात पहिल्या नंबरला आलेलं कॉलेज त्यांचंच होतं.

मी आमच्या काकांना फोन लावला. काका म्हणजे संघटनेचे अध्यक्ष.

"काका, सेवा केंद्रातला दिनेश त्या सरला विकला गेलाय. मी पत्रक लिहायला घेते. मथळा सुचलाय."

"मथळा फ्रीजमध्ये ठेव. पोरीचा फॉर्म दुरुस्त झाला का?"

"नाही अजून."

"मग फोन कशाला केलास?"

आम्ही दोघी केंद्रात गेलो. सर नव्हते, खुर्ची रिकामी होती. दिनेश कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि बाकावर पाच-सहा जण वाट बघत होते. मी सगळ्यांसमोरच विचारलं.

"दिनेश, हिचा फॉर्म कोणी बदलला? तू की तुझ्या सरांनी?"

"ताई, शिवी द्या, पण असलं बोलू नका. मी कोणाच्या फॉर्मला हात लावत नाही. बघा, प्रत्येकाचा टॅब वेगळा ठेवलाय मी."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ब्राउझरच्या वरच्या कडेला टॅबची दाटी झाली होती. टॅब म्हणजे एकाच ब्राउझरमध्ये उघडलेली वेगवेगळी पानं. वरच्या पट्टीवर क्लिक केलं की पान बदलतं. इथे इतके टॅब होते की कोणाचंच नाव दिसत नव्हतं, फक्त साइटचं चिन्ह.

"इतके कशाला उघडलेस?"

बाकावरच्या एका बाईने उत्तर दिलं. "माझा बंद नको करूस रे दिनेश. सकाळधरनं नंबर लावलाय."

तेव्हा मला त्या केंद्राची पद्धत कळली. जव्हारला नेट येतं आणि जातं. आलं की दिनेश प्रत्येकाचं लॉगिन करून एकेक टॅब उघडून ठेवतो. मग ज्याची कागदपत्रं अपुरी असतील तो झेरॉक्सला जातो, कोणी बाजार करून येतो. रेशन दुकानापुढे पिशवी ठेवून जागा धरतात, तशी लोक इथे टॅबने जागा धरतात. टॅब उघडा तर नंबर शाबूत. बंद झाला तर पुन्हा शेवटी. त्यामुळे कोणी लॉगआउट करत नाही आणि दिनेशला करूही देत नाही.

"संगीताच्या आधी कोण होतं?" मी विचारलं.

"दाभोशाची ज्योती. सरांनी पाठवलेली. तिचा फॉर्म भरून झाला आणि सेव्ह करायच्या वेळी नेट गेलं. मी टॅब तसाच ठेवला. नेट आल्यावर ही समोर उभी होती, म्हणून हिचं केलं. ही गेली, मग ज्योतीचा टॅब उघडून सेव्ह दाबलं. झालं ते. हे बघा, हिरवी पट्टी."

हिरवी पट्टी होती. खासगी कॉलेज पहिल्या नंबरला होतं. मी पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे बारीक अक्षरांत उमेदवाराचं नाव असतं.

"वाच."

दिनेशने वाचलं, मग पुन्हा वाचलं. संगीताने मान पुढे करून वाचलं. "हां तर माझां नाव."

मी शेजारचा टॅब उघडला. त्यावर बाकावरच्या बाईंच्या मुलाचं नाव होतं. पान रिफ्रेश केलं, म्हणजे नव्याने मागवलं. नाव बदलून संगीताचं झालं. तिसरा टॅब, तेच. बाई उठून उभ्या राहिल्या. "आता गं माझे बाई! माझा पोरगा कुठं गेला?"

झालं असं होतं. या साइटचं लॉगिन टॅबला चिकटत नाही, ब्राउझरला चिकटतं. घराला दहा खिडक्या ठेवल्या म्हणून आत दहा घरं होत नाहीत. नवीन माणसाने लॉगिन केलं की जुना गुपचूप बाहेर पडतो. पण जुन्या टॅबवर त्याचं पान तसंच दिसत राहतं. त्या पानावर सेव्ह दाबलं की माहिती जाते आत असलेल्या माणसाच्या नावावर. ज्योतीची माहिती संगीताच्या खात्यात गेली.

सगळे टॅब बंद केले. बाकावर ओरडा झाला, तो होऊ दिला. संगीताच्या मोबाइलवर ओटीपी आला, ती एकटी आत गेली, सरकारी कॉलेज पहिल्या नंबरला आणलं, सेव्ह केलं. वरच्या कोपऱ्यातलं नाव तिने बोट ठेवून वाचलं. मग लॉगआउट. तिचं काम मिटलं.

माझा संशय मिटला नव्हता. "ज्योतीच्या नावावर काय सेव्ह झालं?"

दिनेशने डोक्याला हात लावला. "काहीच नाही. तिचा फॉर्म कोरा असणार."

म्हणजे सरांनी डाव टाकला म्हणावं, तर त्यांच्याच मुलीचा फॉर्म कोरा. इतका वाईट डाव कोणी स्वतःवर टाकत नाही. माझा मथळा तिथेच गेला.

"ज्योतीचं लॉगिन कर. ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो?"

"सरांच्या."

"मुलीचा फॉर्म आणि नंबर सरांचा?"

"त्यांनी आणलेल्या सगळ्याच मुलींच्या फॉर्मवर त्यांचाच असतो, ताई."

मग मला त्या माणसाला फोन करावा लागला. माझा आवाज ऐकून तो आधी सावध झाला. फॉर्म कोरा आहे म्हटल्यावर धावत आला. संगीताला मी स्टँडवर पिटाळलं. दाभोशाची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ती भरली नव्हती. ज्योती मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. संगीताने तिला खाली उतरवून आणलं.

सरांनी ओटीपी सांगितला आणि वर हुकूम सोडला. "दिनेश, सकाळचंच भर. पटकन."

"दिनेश नाही. ती भरेल," मी म्हटलं.

"तिला काय कळतंय, मॅडम?"

"मग नर्स कशी होईल? पेशंटलाही तुम्हीच सुई टोचणार का?"

बाकावर हसू फुटलं. ज्योती खुर्चीत बसली. कॉलेजांची यादी उघडली आणि माउसने खाली सरकवत गेली. मध्येच थांबली.

"ताई, सरकारी पण हाय?"

"आहे."

"आपल्याला टाकता येतां?"

"कोणालाही येतं."

ती सरांकडे वळली नाही. तिने संगीताला विचारलं, "तू कंचा टाकलास?" संगीताने बोट ठेवून दाखवलं. ज्योतीने तेच पहिल्या नंबरला घेतलं. सर म्हणाले, "अगं, घरच्यांना विचारलंस का?" ज्योती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं विचारलां होतां?" आणि सेव्ह दाबलं.

यादी लागली तेव्हा संगीताला सरकारी कॉलेज मिळालं. ज्योतीला तिच्या दुसऱ्या नंबरचं मिळालं, तेही सरकारीच.

दिनेश आता एका वेळी एकच माणूस घेतो आणि लॉगआउट झाल्याशिवाय दुसऱ्याला बसू देत नाही. लोक कुरकुरतात. साइट बनवणाऱ्यांना मी लिहिलं की दुसऱ्याच्या नावावर सेव्ह होताना निदान विचारा तरी. पोच आली, उत्तर नाही. सर हल्ली विक्रमगडकडे बसतात असं ऐकते. तिकडच्या मुलींना माझं सांगणं एवढंच. सेव्ह दाबण्याआधी वरच्या कोपऱ्यातलं नाव वाचा, आणि ओटीपी कोणाच्या खिशात वाजतो ते बघा.