मागच्या खोलीपर्यंत आठ तारा

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली होती. ओतूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमचं घर. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागच्या दोन जुन्या, दगडमातीच्या. पुढच्या खोलीत माझे सासरे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते. जळालेल्या मोटारीतली तार उपसून नवी भरण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. शेतकऱ्यांचे फोन यायचे म्हणून टेलिफोन त्या खोलीत, आणि टेलिफोनच्या तारेतूनच इंटरनेट येणार म्हणून मॉडेम आणि कॉम्प्युटरही तिथंच, उघड्या मोटारींच्या शेजारी.

कॉम्प्युटर माझ्यासाठी घेतलेला. घोडेगावला माहेरी असताना मी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, मंचरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्सही केला होता. नवरा पुण्यात कंपनीत. शनिवारी यायचा, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं जायचा. त्याच्या ओळखीतून एका प्रकाशकांनी मला हस्तलिखितं टाइप करायला दिली. कागद नवरा आणायचा, टाइप केलेलं मी ई-मेलनं पाठवायचे. पहिलं प्रकरण पाठवलं आणि चहा होईपर्यंत पुण्याहून 'मिळालं' असं उत्तर आलं, तेव्हा मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायला स्वयंपाकघरात धावले. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एवढ्यात? एसटी तर आजून नारायणगावला बी पोचली नसंल."

त्या दिवसापासून मला त्या कामाचं वेडच लागलं. अडचण फक्त बसण्याची होती. कुणी मोटार घेऊन आलं की मी उठायचे, खुर्ची मोकळी करायचे, चहा टाकायचे. परत येऊन बसेपर्यंत दुसरं कुणीतरी आलेलं असायचं. मोटारींच्या तारांना लावायच्या वार्निशच्या वासानं डोकं भणभणायचं. एकदा एका पाहुण्यांनी माझ्या मागं उभं राहून स्क्रीनवरचं अख्खं पान मोठ्यानं वाचून काढलं आणि गोष्टीतल्या त्या बाईचं पुढं काय झालं, असं मला विचारलं. मला हसूही आलं आणि तिथून उठून जावंसंही वाटलं.

मागची एक खोली रिकामीच होती. एका खिडकीची, थंडगार, दाराला आतून कडी. एका सकाळी धीर करून मी मामांना विचारलं, इंटरनेट तिकडं नेता येईल का. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांचा चेहरा उजळला.

"मग तसं सांगायचं ना, पोरी. हितनं मळ्यात विहिरीवर करंट नेतो मी. हे तर घरातल्या घरात हाय."

दुपारीच ते कामाला लागले. टेलिफोनच्या तारेला घरातली शिल्लक तार जोडून त्यांनी ती मागच्या खोलीपर्यंत नेली आणि मॉडेम, कॉम्प्युटर तिथं नेऊन लावले. दिवे लागले. पाच मिनिटं इंटरनेट चाललंसुद्धा. मग पुढं फोन वाजला आणि सगळं गेलं. परत आलं, परत गेलं. फोनमध्ये खरखर सुरू झाली. मामांनी प्रत्येक जोड तीन-तीनदा उघडून पाहिला, तरी तेच.

मधेमधे चालू असायचं तेवढ्यात मी त्याच इंटरनेटवर शोधत बसले. एका ठिकाणी वाचलं, की मॉडेम फोनजवळच राहू द्यावा आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत वेगळी, आठ तारांची केबल न्यावी. मामांना हे सांगायला मला संकोच वाटत होता, त्यांच्यापुढं तारेतलं मी काय बोलणार. त्यांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं.

"मंजी मोटार विहिरीवरच ऱ्हाणार, आन् नुसता पाइप लांबवायचा."

मी हो म्हणाले. इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं. मॉडेम परत पुढच्या खोलीत गेला.

पुढच्या शनिवारी नवऱ्यानं पुण्याहून लांब केबल आणली, दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची पिन बसवलेली. सोमवारी मी आणि आत्याबाई शेजारच्या वाडीला बारशाला गेलो. परत आलो तर मामांनी काम उरकलेलं. दोन फुटी भिंतीत पहारीनं आरपार भोक पाडलं होतं, त्यातून केबल ओवली होती आणि भोक सिमेंटनं बुजवूनही टाकलं होतं. पुढून मागपर्यंत भिंतीवर अशी सरळ रेघ, की मला पट्टी लावूनही मारता आली नसती. मी खूश होऊन मागच्या खोलीत गेले, तर केबलचं टोक कापलेलं. पिन खिडकीत पडली होती, तिला वीतभर शेपटी.

"भोकातून तोंड जात न्हव्हतं," मामा म्हणाले. "मग कापलं. आता जोडून घेतो."

त्यांनी आठही तारा सोलल्या, रंगाला रंग लावून पीळ दिला, वरून टेप गुंडाळला. जोड बघण्यासारखा झाला होता. पण मॉडेमवरचा कॉम्प्युटरचा दिवा काही लागेना. सोडलं, परत कापून सोललं, परत जोडलं. दोन दिवस हेच. प्रत्येक खेपेला शेपटी बोटभर कमी होत गेली. एक शेतकरी मोटार घेऊन आला, त्यालाही त्यांनी उद्या या म्हणून परत पाठवलं. बुधवारी दुपारी त्यांनी पक्कड पेटीत टाकली आणि पायरीवर जाऊन बसले. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला.

"मोटारीच्या तीन तारा कळत्यात मला," ते म्हणाले. "ह्या आठ न्हाई कळत."

मामांना तारेपुढं हात टेकताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या हट्टापायी हे झालं, असं वाटून मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. आत येऊन ती कापलेली पिन मी हातात घेतली आणि उगाच खिडकीच्या उजेडात धरली. आतल्या आठ तारा ओळीनं उभ्या दिसत होत्या. चार रंगीत, चार पांढऱ्या. पांढऱ्या तारांवर केसासारखी बारीक रेघ होती. एकीवर नारिंगी, एकीवर हिरवी, मग निळी, मग तपकिरी.  मी पायरीवर गेले.

"मामा, ह्या चारी पांढऱ्या एक नाहीत. प्रत्येकीची जोडीदार वेगळी आहे."

मोटारीची बारीक तार बघायचं भिंग त्यांच्याकडं होतं. ते आणून त्यांनी एकेक तार पाहिली. बराच वेळ पाहिली. दोन दिवस त्यांनी चारही पांढऱ्या एकच समजून कशाही जोडल्या होत्या.

"हाय खरी रेघ," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन उठले.

आता रंग कळले होते, पण जोडायला शेपटी उरली नव्हती. नवीन पिन हवी, आणि ती आठ तारांवर दाबून बसवणारी पक्कड हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपनं नारायणगावला गेले. टपावर टोमॅटोचे क्रेट, आत आम्ही अकरा-बाराजण. स्टँडमागच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मालक म्हणाले, केबल इकडं आणा, दोन मिनिटांत लावून देतो. मी सांगितलं, केबल सिमेंटमध्ये बसली आहे. त्यांना हसू आवरेना. कुणी बसवली, विचारलं. मी मामांचं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढं केली. त्यांच्या भावाच्या विहिरीवरची मोटार मामांनीच भरून दिली होती.

"बसा ताई, तुम्हीच शिकून घ्या. पक्कड घेऊन जा, शनिवारपर्यंत परत द्या," ते म्हणाले.

त्यांनी मला केबलचा एक तुकडा दिला. वरचं साल अलगद काढायचं, जोड्यांचा पीळ सोडायचा, तारा सरळ करायच्या, ठरलेल्या क्रमानं एकीला एक लावायच्या, शेंडे एका रेषेत कापायचे आणि पिनेत शेवटपर्यंत सरकवायच्या. मग पक्कड दाबायची. पहिल्या वेळी माझ्या दोन तारा अदलाबदल झाल्या. दुसऱ्या वेळी एक मागंच राहिली. तिसरी पिन त्यांनी तपासायच्या यंत्राला लावली आणि एकामागून एक आठ दिवे लागले. मी आजवर अनेक परीक्षा पास झाले, पण त्या आठ दिव्यांइतका आनंद एकाही निकालानं झाला नव्हता.

परतीच्या जीपमध्ये मी क्रम घोकत होते. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. शेजारच्या मावशींनी विचारलं, कसली साडी घ्यायची एवढी. मी म्हणाले, इंटरनेट घ्यायचंय. त्यांनी मान हलवली आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.

घरी आले तेव्हा लाइट गेलेली, चारला यायची होती. आम्ही थांबलो नाही. खिडकीजवळ पाट टाकून मी बसले. मामा मी क्रम लिहून दिलेला कागद धरून एकेक रंग वाचत होते आणि मी तार लावत होते. आत्याबाईही हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. नारिंगीच्या जागी माझं बोट चुकून तपकिरीवर गेलं, तर मामांच्या आधी त्यांनीच टोकलं. तारा पिनेत सरकवल्या, भिंगातून मामांनी मोजल्या, आठ भरल्या. मी पक्कड दाबली. कट्ट असा आवाज झाला.

मग चार वाजायची वाट. तो पाऊण तास सरता सरेना. मामा पुढं मॉडेमसमोर स्टूल टाकून बसले, मी मागं कॉम्प्युटरसमोर, आणि मधल्या दारात आत्याबाई, इकडचा निरोप तिकडं द्यायला. लाइट आली. पंखा फिरला. मी बटण दाबलं. स्क्रीन उजळायच्या आधीच पुढून मामांचा आवाज आला.

"लागला. दिवा लागला."

आत्याबाईंनी वळून मला तेच सांगितलं, जसं काही मला ऐकूच आलं नव्हतं. मी मेल उघडलं. झरकन उघडलं. मामा मागं आले, माझ्या खुर्चीमागं उभे राहिले आणि म्हणाले, काहीतरी पाठव. मी नवऱ्याला लिहिलं, 'मागच्या खोलीतून लिहितेय.' केबल कापल्याचं त्याला फोनवर कळलेलं होतं. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं, त्यात एकच शब्द होता, 'कसं?' आम्ही तिघंही हसत सुटलो.

दार लावून बसायला मिळाल्यावर माझं काम दुपटीनं व्हायला लागलं. इकडं पुढच्या खोलीत येईल त्याला मामा केबल दाखवायचे आणि चार पांढऱ्या तारांची गोष्ट सांगायचे, स्वतःची चूक जराही न लपवता. ऐकून गुरांच्या डॉक्टरांनी घरातून दवाखान्यात लाइन नेऊन द्याल का, म्हणून विचारलं. मग एका मास्तरांनी विचारलं. नवऱ्यानं मला स्वतःची पक्कड आणून दिली. मामांच्या स्कूटरवर मागं केबलचं वेटोळं खांद्यावर घेऊन मी बसायचे. सासरा नि सून असे कामाला निघालेले आमच्या बाजूला कुणी पाहिले नव्हते. लोक वळून बघायचे, मामा हॉर्न वाजवून पुढं जायचे. आता आम्ही आधी भोक पाडायचो, केबल ओवायचो, आणि पिन शेवटी लावायचो.

एकदा घोडेगावहून माझ्या भावाचा फोन आला. त्याला वरच्या मजल्यावर इंटरनेट हवं होतं. मी रविवारी एकटीच जाईन म्हणाले, तर मामा पहार काढून तयार. माहेरी वडील गोंधळून गेले. व्याही घरी आलेले, आणि ते चहाच्या आधी शिडी मागताहेत. वडील पुनःपुन्हा म्हणत होते, "पावणं, तुमी बसा. आमी माणूस बोलावतो."

"काम सूनबाईचं हाय," मामा शिडीवर चढत म्हणाले. "मी नुसतं भोक पाडतो."

 मग वडिलांनी धोतर सावरलं आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. वरून माती पडत होती, ते डोळे बारीक करून वर बघत होते. मी जिन्यात बसून तारांचे पीळ सोडत होते, आणि आई स्वयंपाकघरातून विचारत होती, पाहुण्यांना आमरस आत्ता वाढायचा की दिवा लागल्यावर.