चौकटीवरचा कमठा

तेल्हाऱ्याच्या उत्तरेला, सातपुड्याचा काठ दिसायला लागतो तिथल्या एका गावात भगवंत सुतार राहत होता. गावात सुतार तीन, पण तिरकमठा करावा तो भगवंताच्याच घरानं. रानडुकरांचा उच्छाद त्या पट्टीत पिढीजात. बंदूक काय ती एकट्या देशमुखाकडे, आणि देशमुख काही दुसऱ्याच्या ज्वारीसाठी वावरातल्या माळ्यावर राखण करत बसणारा माणूस नव्हे. तेव्हा ज्याला आपलं पीक राखायचं, त्यानं भगवंताचं अंगण गाठायचं.

कमठा करणं म्हणजे लाकूड तासणं, असं लोकांना वाटायचं. तासणं कुणालाही येतं. खरं काम वाकण बसवण्याचं. धामणीच्या झाडाचं लाकूड दोन पावसाळे माळवदाखाली सुकवायचं, वाकसानं त्याला आकार द्यायचा, मग भिंतीतल्या खुंटीवर आडवं टांगून दोरीनं हळूहळू खाली ओढायचं आणि मागे सरून नुसतं बघत राहायचं. कमठ्याचे दोन हात सारखे वाकले पाहिजेत. जो हात ताठ राहील तिथं सुरीच्या पात्यानं खरवडायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा बघायचं. खरवडलेलं परत चिकटवता येत नाही. भगवंताचा बाप म्हणायचा, "हात आवरते तोच कमठेवाला. बाकीचे जळतण फोडते."

त्या घराचे दोन नेम होते. तयार कमठा करणाऱ्यानं स्वतः एकवीस वेळा कानापर्यंत ओढायचा, तोही घेणाऱ्यासमोर. मगच त्याच्या हाती द्यायचा. दुसरा नेम मोडलेल्या कमठ्याचा. तो करणाऱ्याकडे परत यायचा. चूक वापरणाऱ्याची असेल तर त्यानं आपल्या हातानं तुकडे होळीत टाकायचे आणि चार लोकांत चूक कबूल करायची. चूक कमठा करणाऱ्याची असेल तर तुकडा त्याच्या दाराच्या चौकटीवर खिळायचा, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावा म्हणून. भगवंताच्या चौकटीवर असा एकच तुकडा होता, आज्याच्या हातचा. बापानं त्यात भर पडू दिली नव्हती.

मग कापसाचं साल आलं. साता समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला. कापूस अकोल्याला न्यायला गाड्या हव्या, गाड्यांना जू बांधायच्या लांब धुऱ्या हव्या, आणि धामणीची धुरी म्हणजे लोखंडाला भारी. लोक दारात रांगा लावू लागले. भगवंतानं दोन पावसाळे सुकवलेलं सगळं लाकूड गाड्यांत घातलं. माळवद रिकामं झालं तेव्हा त्याची बायको पार्बताबाई म्हणाली, "कमठ्यापुरतं एक तरी ठेवाचं व्हतं." त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. वाहत्या गंगेत हात कुणी धुवायचे नाहीत?

त्याच सालच्या श्रावणात नत्थुजी आला. सगळं शिवार पांढरं होणार असताना या गड्यानं आपल्या चार एकरांत ज्वारीच पेरली होती. "कापूस खाता येते काय?" असं तो विचारायचा. पण आता आसपास दुसरी ज्वारीच उरली नव्हती, त्यामुळे झाडून सगळी डुकरं त्याच्याच वावरात येणार हे उघड होतं.

"कार्तिकापर्यंत पाह्यजे, भगवंता."

नाही म्हणायचं होतं. लाकूड नाही एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर गेलं कुठं तेही सांगावं लागलं असतं. भगवंतानं हो म्हटलं, ओली धामण तोडून आणली आणि चुलीच्या धुरावर तीन महिने सुकवली.

खुंटीवर टांगून ओढलं तेव्हा खालच्या हातावर एके जागी लाकूड कोपरासारखं दुमडलं. तिथं गाठ होती, आत ओल होती. बापानं तो कमठा तिथल्या तिथं चुलीत घातला असता. भगवंतानं त्या जागी सुताचे वेढे गुंडाळले, वरून लाख चढवली.

"हे काय केलं?" कमठा न्यायला आलेल्या नत्थुजीनं विचारलं.

"शोभेसाठी," भगवंत म्हणाला.

मग ओढायला घेतलं. सात वेळा ओढलं. सातव्या वेळी लाखेखाली बारीक कर्रकन वाजलं. नत्थुजी तेव्हा पार्बताबाईशी पावसापाण्याचं बोलत होता. भगवंतानं दोरी हळूच सैल केली आणि म्हणाला, "झाले एकवीस."

मार्गशीर्षात, दिवेलागणीच्या वेळी, डुक्कर समोर असताना कमठा त्याच जागी मोडला. तुटलेलं टोक नत्थुजीच्या उजव्या डोळ्यात गेलं. डुक्कर पळालं. डोळा गेला तो गेला.

तुकडे घेऊन माणसं भगवंताच्या अंगणात जमली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाण न लावता रिकामी दोरी सोडली असन. तसा तर लोखंडाचाबी मोडते." लोकांनी माना डोलावल्या. कारागिराचं कोण खोटं धरणार? आणि नत्थुजी, डोळ्याला फडकं बांधून पडलेला नत्थुजी, हे कळल्यावर म्हणाला म्हणे, "असन बावा. घाईत बाण निसटला असन माह्याच हातून."

हे ऐकल्यापासून भगवंताला घास गोड लागेना. मारला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. या माणसानं डोळाही दिला आणि वर चूकही आपल्या अंगावर घेतली. अंगणातून ये-जा करताना भगवंत चौकटीकडे बघायचा नाही. मान खाली घालून आत शिरायचा. तुकडे त्यानं माळवदाखाली, जिथं पूर्वी लाकूड असायचं, तिथं ठेवले.

होळीच्या दिवशी दुपारी नत्थुजी दारात उभा राहिला. सोबत बायको मैनाबाई.

"तुकडे दे भगवंता. संध्याकाळी टाकतो होळीत. चार लोकाईत सांगून टाकतो, माही चूक झाली म्हणून. मनाले टोचणी आहे."

भगवंतानं तुकडे काढून आणले. हात पुढं केला, पण बोटं सुटेनात. मग तो उंबऱ्यावरच खाली बसला.

"लाकूड ओलं व्हतं," तो म्हणाला. "गाठ व्हती. मले माईत व्हतं. म्या सातच येळा ओढला नत्थुजी. वाजला, म्हणून थांबलो."

पार्बताबाई आतून बाहेर आली आणि तिथंच उभी राहिली. एका डोळ्यानं नत्थुजी तुकड्यांकडे बघत होता.

"आठव्या येळी ओढाचा व्हता ना," तो म्हणाला. "इथं अंगणात मोडला असता."

एवढंच बोलून तो गेला. त्या संध्याकाळी होळीत त्यानं काही टाकलं नाही. भगवंतानं शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तुकडा चौकटीवर खिळला, आज्याच्या तुकड्याशेजारी. कुणी हसलं, कुणी हळहळलं. धुऱ्यांची गिऱ्हाइकं काही थांबली नाहीत. गाडी मोडली तर डोळा जात नाही.

आठ दिवसांनी मैनाबाई एकटी आली.

"त्याईले आता नेम धरता येत नाही. माळ्यावर मी बसते. मले झेपन असा कमठा पाह्यजे."

"माह्या हातचा?"

"खोटं बोलून तुमीनं पाह्यलं. आता खरं करून पाहा."

"दोन पावसाळे लागतीन, वयनी."

"लागू द्या. पह्यला लवकर भेटला व्हता."

दोन पावसाळे गेले. तोवर कापसाचा भाव पडला आणि गाड्यांच्या रांगा आपोआप आटल्या. भगवंतानं मैनाबाईच्या दंडाच्या ताकदीप्रमाणं वाकण बसवलं. रोज थोडं खरवडायचं, रोज खुंटीवर टांगायचं. दोन्ही हात सारखे वाकू लागले तरी तो आणखी चार दिवस नुसता बघत बसला. कार्तिकात निरोप धाडला.

नवराबायको दोघंही आली. नत्थुजी दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या अंगणात येत होता. चौकटीखाली थांबून त्यानं मान वर केली, तुकडा पाहिला, आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"ओढ," तो म्हणाला. "मी मोजतो."

भगवंतानं ओढायला घेतलं. एक, दोन, तीन. सातव्याला त्याचे हात थांबले. लाकूड गप्प होतं, वाजलं काहीच नव्हतं, तरी त्याच्यानं पुढं ओढवेना. नत्थुजी आपल्या जागेवरून उठला, कमठ्याच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, आणि उरलेला डोळा उघडा ठेवून म्हणाला, "आठ."