सभेस गेलो होतो

आगबोट भाऊच्या धक्क्याजवळ आली तेव्हा रघुनाथराव कठड्यावरून इतके ओणवे झाले होते, की मी त्यांच्या कोटाचं टोक धरून ठेवलं. गिरण्यांची धुराडी दाखवत ते म्हणाले, "नाना, एवढ्या चुली एकदम पेटलेल्या पाहिल्यात कधी?"

आम्ही दोघेही रत्नागिरीच्या एका कचेरीतले कारकून. जमिनीच्या जुन्या कागदांची दप्तरं (फडक्यात बांधलेले गठ्ठे) मुंबईच्या वरच्या कचेरीत पोचवायची होती. ते काम रघुनाथरावांनी मागून घेतलं, कारण त्यांच्या अडवलेल्या बढतीची सुनावणी तिथंच दुसऱ्या दिवशी होती. "तुम्ही सोबत असलात की धीर येतो," म्हणून मलाही ओढलं. प्रवासात बाकीच्यांना बोट लागली. मला हे वाक्य लागलं.

दप्तरं सोपवून अकरालाच मोकळे झालो आणि गिरगावात आलो. खोताच्या वाडीत लाकडी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. रंगवलेले कठडे, बाहेरून चढणारे जिने. बघत बघत चुकलो. एका ओसरीवर कोळंबी सोलणाऱ्या ख्रिस्ती बाईंनी आम्हाला हटकलं, "तिसऱ्यांदा आलात. घर शोधता की माणूस?"

"मुंबई बघतोय, बाई."

"मग बसून बघा. आमची वाडी चालणाऱ्याला सापडत नाय." त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि मोठ्या रस्त्याची वाट दाखवली.

खानावळीत सुरमईची आमटी झकास होती. "नारळ मात्र हात आखडून घातलाय," असा निकाल देऊन रघुनाथरावांनी तीन वाट्या संपवल्या.

तिथून ट्रामने लालबागला. एका बोळात बाया मसाला कांडत होत्या. मिरचीच्या खकाण्यानं मला शिंकांवर शिंका. मुसळ थांबवून एक थोराड बाई हसली. "खंयचे (कुठले) तुमी? गिरणीत नवीन?"

"रत्नागिरीचे. सरकारी कारकून," रघुनाथराव म्हणाले.

"मगे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेक जातास, की सायबाक भियातास?"

"एकदा गेलो होतो. बढती गेली."

"एकटेच गेल्लात?"

"छे! आम्ही दोघं होतो."

"मगे ह्येंची पण गेली आसतली!" तिनं माझ्याकडे बोट केलं.

"यांना कुणी विचारलंच नाही," रघुनाथराव समाधानानं म्हणाले. मी घशात मिरची गेल्यासारखा खोकत राहिलो.

मला विचारलं होतं. सरकारी नोकरांनी सभेला जाऊ नये, असा हुकूम होता आणि आम्ही दोघं शेजारी बसून सभा ऐकली होती. दोन वर्षांपूर्वी चौकशी झाली तेव्हा रघुनाथरावांनी लिहून दिलं, 'सभेस गेलो होतो.' मी नाही, आम्ही नाही. आपल्या भाषेत एकटा गेला काय नि दोघे गेले काय, 'गेलो होतो' तेच. खोटं न बोलता त्यांनी मला त्या दोन शब्दांत लपवलं. मला आमच्या कचेरीच्या साहेबांनी बंद खोलीत बोलावलं. मी लिहिलं, 'ते सभेस गेले होते.' त्यातही खोटा शब्द एक नाही. पण माझ्या 'ते'नं त्यांच्या वाक्यातून मला पुसून टाकलं आणि त्यांना एकट्याला पुढं ढकललं. कारण सांगतो: मी भ्यालो.

संध्याकाळी दादरच्या किनाऱ्यावर वाळूत बसलो. उजेड होता, माणसं फिरत होती. समुद्राकडे बघत मी सगळं सांगितलं. रघुनाथराव उठले आणि पाण्याच्या कडेनं चालत दूर गेले. परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

"दोन वर्षं माझ्या डब्यातलं लोणचं खाल्लंत," ते म्हणाले.

"हो."

"उद्या लिहून द्याल?"

"देतो."

सकाळी सुनावणीत मुंबईच्या साहेबांपुढं मी लिहिलं, 'आम्ही दोघे सभेस गेलो होतो. आधीच्या जबाबात मी स्वतःला वगळले.' साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे आता तुमचाही खुलासा मागवावा लागेल."

"मागवा, साहेब."

"दोघांच्या एकाच गुन्ह्याला एकालाच शिक्षा, हे काही दिसायला बरं नाही," असं पुटपुटून त्यांनी रघुनाथरावांचं प्रकरण फेरविचाराला घेतलं. एवढंच झालं. पण कालपर्यंत तेवढंही नव्हतं.

परतीच्या बोटीत रघुनाथराव पलीकडच्या बाकावर बसले. मी तिकडे गेलो नाही. मुंबई मागं सरत गेली. या शहरात माणसं रस्त्यावर उभी राहून हवं ते मोठ्यानं मागतात. मी तिथं एकच वाक्य लिहिलं, तेही उशिरा. तरी ते लिहिल्यापासून माझी मान जरा सरळ झाली आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

रत्नागिरी दिसू लागली तेव्हा रघुनाथराव वळकटी घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. तोंड अजून किनाऱ्याकडेच होतं.

"खुलासा लिहाल, तो पाठवण्याआधी मला दाखवा," ते म्हणाले. "तुमच्या व्याकरणावर माझा भरवसा नाही."