कान कातरलेला असला तरी

डॉ. गुरुसिद्ध बिराजदार सरांची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीतून झाली. सोलापूरच्या वेशीबाहेर भटक्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात मला नोंदी लिहिण्याचे काम मिळाले होते. पहिल्याच संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये लिहिले, "सात कुत्री झाली." पशुवैद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर केंद्रात विनामोबदला येणारे सर चष्मा पुसत म्हणाले, "काय झाली? आजारी झाली, मोठी झाली, का पसार झाली?" सगळे हसले. मीही हसले.

त्याच टेबलावर सरांनी मला शब्द शिकवले. नराचे वृषण काढणे म्हणजे खच्चीकरण. मादीचे गर्भाशय आणि अंडाशय काढणे ही वेगळी शस्त्रक्रिया. दोन्हींना मिळून निर्बीजीकरण म्हणावे. नसबंदीत फक्त नळी बंद होते, अवयव राहतात. म्हणून आपण करतो ती नसबंदी नव्हे. निर्जंतुक करायची ती हत्यारे, कुत्री नव्हेत. आणि लस यांपैकी काहीच नव्हे.

शब्दांबाबत सर कडक होते, पण त्यामागे माणसांची काळजी असे. कुत्री पकडून आणणाऱ्या गाडीवरचे रफीकभाई एकदा म्हणाले, "सर, ही वांझ केलेली कुठल्या पिंजऱ्यात टाकू?" कुत्र्यांसाठी भात शिजवणाऱ्या मल्लव्वा शेजारीच उभ्या होत्या. मूल नाही म्हणून त्यांना नवऱ्याने टाकलेले. सर म्हणाले, "रफीकभाई, आपण ऑपरेशन केलंय, शिवी दिलेली नाही. निर्बीजीकरण म्हणा. जीभ अडखळली तर नुसतं ऑपरेशन म्हणा."

"ऑपरेशन लई सोपं हाय की," मल्लव्वा भाताकडे बघतच म्हणाल्या. 'वांझ' हा शब्द पुन्हा केंद्रात ऐकू आला नाही. सरांनी जिंकलेली एवढी एकच लढाई मला माहीत आहे.

शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाचे टोक आम्ही कापतो, म्हणजे ते कुत्रे पुन्हा पकडले जात नाही. माझे घर सांगोल्याकडच्या माळावर मेंढ्या राखणारे. तिथे लस टोचलेल्या मेंढीचा कान वडील लगेच कातरतात, म्हणजे तीच मेंढी दुसऱ्यांदा टोचली जात नाही. आमच्याकडे कातरलेला कान म्हणजे टोचलेले जनावर.

माझे चुलते, नाना, बोकड विकायला सोलापूरला आले होते. बाजारात त्यांना कुत्रे चावले. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, त्यामुळे ते साधी गोळीसुद्धा मला विचारून घेत. त्यांचा फोन आला. "पोरी, कुत्रं चावलं बग. पर कान कातरलेला हाय. टोचलेलं आसंल न्हवं?" मी रजिस्टर भरत होते. म्हटले, "कान कापलाय ना? मग झालेलं असेल, नाना." तेवढ्यावर विसंबून नानांनी लस घेतली नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही कुत्र्याला रेबीजची लसही टोचतो, पण ती पुढे दर वर्षी लागते आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला ती मिळेलच असे नाही. हे मला माहीत होते. सरांनीच शिकवले होते. दोन महिन्यांनी नानांना पाणी गिळता येईना. त्यानंतर ते वाचले नाहीत.

मी सरांना सगळे सांगितले. "तुझी चूक नाही" असे ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत एसटीने आमच्या वस्तीवर आले, घोंगडीवर बसले आणि वडिलांना कापलेल्या कानाचा अर्थ समजावू लागले. वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "डाक्टर, मग कान कापताच कशाला? आमाला वाटलं टोचलंय."

आयुष्यभर सगळ्यांना दुरुस्त करणारे सर घोंगडीवर जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, मालक. आम्ही खूण केली आणि अर्थ सांगायला आलो नाही."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सर शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात उभे राहून एकच गोष्ट सांगतात, की कापलेला कान म्हणजे लसीची हमी नव्हे. लोक मान डोलावतात आणि बोकडाचे दात बघायला पुढे जातात. सरांसाठी निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या बैठकीतही आमच्यातलेच एक सुशिक्षित गृहस्थ फाटकावरच्या कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, "कान कापलाय, चावलं तरी भीती नाही." सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज थकलेला होता. हे कधी संपेल, असे मला वाटत नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना शुभेच्छा देताना मला संकोच वाटतो, कारण आपण त्यांचे आयुष्य आपल्याच कामासाठी मागत आहोत. म्हणून वाचकहो, एवढे ओझे तरी आपण त्यांच्या अंगावरून उतरवून घेऊ: कुत्रे चावले, तर कान बघू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. घरातल्या शिकलेल्या मुलीला फोन करत बसू नये.

सरांना निरोगी शंभरी लाभो. आणि त्यातला एखादा बाजाराचा दिवस तरी त्यांना घरी, उन्हात खुर्ची टाकून, काहीही न सांगता बसायला मिळो.