सुनेची फळी

बर्फावरची वस्तू आणायला देवासहून धारला जाणारे आम्ही पहिलेच असू. दोन्ही गावांत आकाशातून गोठलेलं पाणी पडतं ते गारांचं, आणि ते पडलं की लोक गव्हाच्या नावाने कपाळाला हात लावतात.

माझी मुलगी मुक्ता एकोणीस वर्षांची. पुढच्या आठवड्यात ती गुलमर्गला स्नोबोर्ड (दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायची फळी) शिकायला जाणार होती. फळी तिथे भाड्याने मिळते. पण "स्वतःची असावी, बाबा," असं ती म्हणाली. या मुलीने आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि हे मी अभिमानाने सांगत नाही.

धारचे आप्पासाहेब माझ्या वडिलांचे स्नेही. त्यांचे मुलगा-सून कॅनडात असतात. मागे मनालीला जायचं म्हणून दोघांनी आपापल्या फळ्या आणल्या आणि परतताना घरीच टाकल्या. "पडून राहण्यापेक्षा एक घेऊन जा," असा आप्पासाहेबांचा निरोप आला आणि आम्ही निघालो.

इंदूरला बस बदलली. पुढे दुतर्फा गहू आणि हरभरा, मग लांबून किल्ल्याची तांबडी भिंत दिसली. शेजारचा प्रवासी मला ती अशा उत्साहाने दाखवत होता, जणू कालच त्याने स्वतः तिचा गिलावा केला होता.

आप्पासाहेबांच्या बैठकीत मुलाची फळी तलवारीशेजारी टांगलेली होती. तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर तिचीही पूजा होते म्हणे. आजवर या फळीने कोणता शत्रू मारला, हे विचारायचं मी टाळलं. सुनेची फळी मागच्या खोलीत होती. तिच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या.

आधी जेवणं झाली. बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) तुपात इतके बुडवलेले होते, की नंतर कुठलाही निर्णय डोक्याने होणं शक्य नव्हतं.

मुक्ताने दोन्ही फळ्या उभ्या करून पाहिल्या. सुनेची तिच्या हनुवटीच्या जरा वर आली. मुलाची कपाळाच्याही वर गेली.

"नवशिक्याला एवढीच लागते," ती छोटीवर हात ठेवून म्हणाली. "आणि ही वाकते बघा. ती मोठी वाकतच नाही."

"अरे विनायक, मोठीच ले जा," आप्पासाहेब म्हणाले. "वाढत्या अंगाची पोर आहे."

पोर वाढायची थांबून चार वर्षं झाली होती. तरी माझी मान हलली. आमच्याकडे गणवेशापासून चपलेपर्यंत सगळं पुढच्या वर्षाच्या मापाचं घेतात, आणि ते मापात येईपर्यंत फाटतं. शिवाय फुकट मिळतंय तर मोठं सोडून छोटं कोण नेतं?

"तुम्हाला बरी वाटते ना? मग झालं," मुक्ता म्हणाली.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने फळीकडे पाहिलं. "भिया, नाव है क्या? तो धरमपुरी वाली में बैठो, नर्मदा उधर है."

सगळी बस हसली. फळी मधल्या वाटेत आडवी पडली. एका बाईने विचारून तिच्यावर लसणाचं पोतं ठेवलं. फळी जराही वाकली नाही. मी कौतुकाने मुक्ताकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

"बाबा, रागावू नका. मी तिथे भाड्याचीच घेईन. ही घरी राहू दे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी वाद घातला असता, आणि जिंकलोही असतो. मला माझीच किळस आली. एकदाच काही मागितलं होतं तिने, तेही मी माझ्या हावेच्या मापाने घेतलं होतं.

वाटेत घाटाबिल्लोदला पोतं उचलायला लावून आम्ही उतरलो आणि धारची उलटी बस पकडली.

"मुलाची नको, सुनेची हवी?" आप्पासाहेबांचा चेहरा पडला. "लोक काय म्हणतील, भिया?"

काकीसाहेबांनी, म्हणजे आप्पासाहेबांच्या पत्नींनी, परत मांडलेल्या बरण्या तोवर जमिनीवर काढूनही ठेवल्या होत्या. "न्या," त्या म्हणाल्या. "सूनबाई हिच्यावर शिकली तरी. आमचे चिरंजीव त्या मोठीवरून नुसतेच पडले."

आप्पासाहेब मोठी फळी पुन्हा तलवारीशेजारी टांगायला वळले.

येताना मुक्ताने फळी गुडघ्यांत उभी धरली होती. इंदूर येईपर्यंत ती तिच्यावर गाल टेकून झोपली. फळीला लोणच्याचा वास येत होता. आयुष्यभर मी या मुलीसाठी पुढचा विचार केला, असं मला वाटायचं. खरं तर तिच्याकडे नीट बघायचा कंटाळा मी त्या नावाखाली लपवत होतो.

देवासला दारातच बायकोने फळी उलटसुलट केली. "एवढीशीच? पुढे पुरायची कशी? मोठी नव्हती का त्यांच्याकडे?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं.

"नव्हती," मी म्हणालो.