कुलूप तीनदा बघणारी पवित्रा

कानडी मुलखातल्या आमच्या बसवनगुडीच्या घरी वरच्या खोलीत पवित्रा भाड्याने राहते. निपाणीकडची मुलगी, एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. आणि घाबरट इतकी की काय सांगू! कामाला निघाली की फाटकापर्यंत जाते, परत जिना चढून कुलूप ओढून बघते, उतरते, पुन्हा चढते. तीनदा. एकदा तर बसस्टॉपवरून परत आली.

"अगं, कुलूप काय पळून जाणार आहे?" मी खालून ओरडायची.

"सवय हाय, अक्का," ती ओशाळून हसायची. आमच्या ह्यांनी तिचं नावच 'तीनदा' ठेवलं होतं, आणि मी त्यांना सामील होते.

मग माझा उजवा गुडघा पार कामातून गेला. तो बदलायला मी, वसुमती, वय वर्षं एकसष्ट, आयुष्यात बाळंतपणाखेरीज हॉस्पिटल न पाहिलेली, तिच्याच हॉस्पिटलात भरती झाले.

ऑपरेशनच्या सकाळी त्रिविक्रम नावाचे तरुण डॉक्टर आले. उजव्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला त्यांनी मार्करने बाण काढला आणि शेजारी इंग्रजी 'आर' लिहिला. आर म्हणजे राइट, उजवा. "शाई स्वल्प वाळू द्या, अम्मा," म्हणाले. वाळू कोण देतो! मला हुडहुडी भरली होती, थंडीची नव्हे, भीतीची. मी पायाला पाय घट्ट दाबून, अंगाचं मुटकुळं करून पडून राहिले.

थिएटरात तर दातावर दात वाजायला लागले. पवित्राने मास्कवरूनच डोळ्यांनी ओळख दिली आणि लगेच परक्यासारखं विचारलं, "नाव सांगा. कसलं ऑपरेशन? कुठला पाय?"

"तुला ठाऊक नाही का गं?"

"तुमीच सांगायचं, अक्का."

सांगितलं, उजवा. मनात म्हटलं, इथेही हिचं कुलूप आलंच.

पाठीत सुई दिली आणि थोड्या वेळाने कमरेखाली पाय आहेत की नाहीत तेच कळेना. छातीपुढे कापडाचा पडदा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोक्यात गुंगी. पलीकडे हत्यारं खणखणली.

"हा पाय उचला, बाण इथे आहे," त्रिविक्रम म्हणाले.

"डॉक्टर, हा डावा आहे." पवित्राचा आवाज.

"खूण तर इथेच आहे, सिस्टर." मग त्यांनी वाकून मलाच कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, एडाना, बलाना?" म्हणजे डावा की उजवा.

मला ते धड ऐकूही आलं नाही. मास्क लावलेला एक चेहरा वाकलाय आणि आता कापणार, एवढंच दिसलं. मी जीव खाऊन ओरडले, "बेडा! बेडा!" म्हणजे कन्नडमध्ये नको, नको. पण मास्कखाली त्या 'ब'ला कोण विचारतो?

"बघा, एडा म्हणतायत. डावाच."

जीभ उचलेना. हे आता माझा धडधाकट पाय कापणार आणि मला कळणारसुद्धा नाही!

"थांबा." पवित्राचा आवाज इतका कापत होता की मला वाटलं, ती रडतेय. तोवर मोठे डॉक्टर हात धुऊन आत आले होते. त्यांच्यापुढे कुणी ब्रसुद्धा काढत नाही, हे मला तिनेच सांगितलेलं. "सर, अजून सुरू करू नका. मला कागद बघायचाय." पानं उलटल्याचा आवाज आला. "संमतीपत्रात उजवा. एक्स-रेत उजवा. मघाशी अक्कांनी स्वतः उजवा सांगितलाय. आणि सर, हा आर उलटा आहे."

कुणीतरी उजव्या पायावरचं पांघरूण काढलं. खरा आर तिथे होता, फिसकटलेला. मुटकुळं करून पडले तेव्हा ओली शाई माझ्या डाव्या मांडीवर उमटली होती, आरशातल्यासारखी.

"पहिल्यापासून," मोठे डॉक्टर म्हणाले. "नाव, पाय, कागद, सगळं. सिस्टर, तुम्ही वाचा."

ती माझ्या उशाशी आली. माझा मास्क जरा बाजूला करून तिने मराठीत विचारलं, "अक्का, कुठला पाय?"

"उजवा," मी रडत म्हटलं.

तिचा हात माझ्या कपाळावर होता. गार पडलेला.

"घाबरलीस?"

"लई, अक्का."

ह्याच भीतीची मी दोन वर्षं थट्टा केली होती. मला लाज वाटली.

"मग आणखी एकदा बघ," मी म्हटलं. "बघ गं बाई, परत एकदा बघ."